फुकट नावेला कुलूप

"कुलूप लागणार म्हणजे लागणार!" अनंतानं टेबलावर हात आपटला. चहाचा कुल्हड आडवा झाला.

"तो हमसे मत लगवाइए," पप्पू म्हणाला. "किसी और से लगवा लीजिए. हम नाव को बीच गंगा में नहीं रोकेंगे."

"ऑफिस बंद पडल्यावर नाव कुठे चालवशील? डोक्यावर?"

"अनंता, हळू बोल," मी म्हणाले. "खाली कचोरी खाणारे वर बघतायत."

"काकू, तुम्ही मध्ये पडू नका!"

मला असं कोणी म्हटलं की मी हमखास मध्ये पडते. तशी पडलेच.

पण त्या भांडणाचा शेवट शेवटीच सांगते, कारण मागचं सांगितल्याशिवाय तो कळायचा नाही. आमच्या ऑफिसात किस्से साचतात ते पूर ओसरल्यावर घाटाच्या पायऱ्यांवर माती साचते तसे. एक थर उपसला की खाली दुसरा ओलाच!

ऑफिस म्हणजे काशीत संकठादेवीच्या मागच्या गल्लीत, कचोरीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. मोबाइलचे गेम बनवतो आम्ही. मालक अनंता. घराणं दशाश्वमेधावरच्या उपाध्यांचं. वडील, म्हणजे अण्णा, अजून घाटावर छत्रीखाली बसून महाराष्ट्रातून आलेल्या यजमानांची कार्यं करतात. ह्यानं पोथी सोडली आणि कीबोर्ड धरला. बायको मुग्धा गेमची चित्रं काढते. बोलते फार कमी. पप्पू यादव कोडिंग करतो आणि मुग्धाच्या वाटचंही बोलतो. आणि चौथी मी. लोक विचारतात, "या वयात तुम्ही तिथे काय करता?"

मी म्हणते, "काम!"

*

मला बोलावलं होतं आवाजासाठी. 'नाव' नावाचा गेम. धुक्यात नाव चालवायची, या घाटावरची माणसं त्या घाटावर सोडायची. नाव पायऱ्यांवर आदळली की घाटावरची म्हातारी ओरडणार. माझं घर भोसले घाटापाशी; अनंता तिथे आला आणि म्हणाला, "काकू, तुमच्यासारखा आवाज अख्ख्या काशीत नाही."

कौतुक होतं की काय होतं, मी विचारलं नाही.

माइकसमोर मी म्हटलं, "अरे आँख है कि बटन? घाट दिखता नहीं?" एकदाच म्हटलं, लिहून दिलेलं नव्हतं, आपसूक आलं.

गेम बाजारात आला. फुकट. पहिल्याच पडद्यावर अनंतानं मोठ्या हौसेनं लिहून घेतलं होतं, 'हा खेळ कायम फुकट'. पोरं तुटून पडली. पण नाव कोणी नीट चालवेना! जो तो पायऱ्यांवर आदळतोय. पप्पूला वाटलं, सुकाणूत बिघाड आहे. रात्रंदिवस कोड तपासत बसला. शेवटी एका पोरानं खाली अभिप्राय लिहिला, तेव्हा उलगडा झाला.

"गेम ठीक है. बुढ़िया की डाँट बहुत बढ़िया है. और गालियाँ डालो."

*

आवाज देऊन झाला तरी मी जायची थांबले नाही. एक तर घरी भांडायला कोणी उरलं नव्हतं. दुसरं, पप्पू त्या मशीनवर काय करतो ते मला कळत नव्हतं, आणि न कळलेलं मला सहन होत नाही. शाळा माझी लवकर सुटली. इंग्रजी मी ह्यांच्या रेल्वेच्या टाइमटेबलांवरून शिकले, कोणाच्या उपकारानं नाही. तसंच हेही शिकले, मोबाइलवर व्हिडिओ बघून. व्हिडिओतला मास्तर घाई करायला लागला की मी त्याला थांबवायची. मनुष्य समोर असता तर हे जमलं नसतं.

माझ्या हातची पहिली वस्तू म्हणजे गाय. घाटावरून फिरणारी पांढरी गाय. झकास चालली. पायऱ्या उतरली, आणि तशीच चालत गंगेवरून पलीकडे निघाली! पाण्यावरून! खूरसुद्धा ओला नाही.

पप्पू डोक्याला हात लावून म्हणाला, "काकी, गाय को पानी दिख ही नहीं रहा है."

"काशीची गाय आहे," मी म्हटलं. "तिला ट्रॅफिक दिसत नाही, पाणी काय दिसणार?"

दुरुस्त करायचं म्हणेपर्यंत गेम अपडेट होऊन गेला होता. दुसऱ्या दिवसापासून लोकांचे निरोप. कोणी म्हणे डोळ्यांत पाणी आलं, कोणी म्हणे साक्षात दर्शन झालं. गाय अजून तशीच आहे. आता तिला हात लावायची कोणाची हिंमत नाही.

*

मग ती बातमी आली.

गेम बनवायला एक इंजिन लागतं. म्हणजे तयार सांगाडा. वारा, पाणी, सावली, धक्का लागला की नाव डुलणं, हे सगळं त्यात आयतं मिळतं. इंजिन दुसऱ्या कंपनीचं, ती परदेशातली. नाव घेत नाही, माझ्या तोंडून फुकटची जाहिरात नको. आजवर तिचं ठरलेलं देणं आम्ही देत होतो. त्या दिवशी तिनं जाहीर केलं, यापुढे तुमचा गेम जितक्या फोनांवर उतरेल, एका मर्यादेनंतर तितक्यांदा फी! आणि आधी बनलेल्या गेमनाही लागू!

"पण आपली नाव फुकट आहे," मी म्हटलं. "खेळणारा आपल्याला पैसे देत नाही, मग ह्यांना कुठले द्यायचे?"

"वही तो," पप्पू म्हणाला.

"आणि कोणी एकदा डिलीट करून परत घेतला तर?"

पप्पूनं वाचलं. परत वाचलं. त्याचा चेहरा पडला. "लगता है तब भी."

तो उठला, चपला घातल्या आणि भर दुपारी घरी पळाला. त्याच्या घरी सगळ्या पोरांत मिळून एकच फोन. त्यात लग्नांचे व्हिडिओ भरले की पोरं 'नाव' डिलीट करतात, आणि व्हिडिओ बघून झाले की परत उतरवतात. हे त्यांचं कायमचं चालू!

संध्याकाळी मी विचारलं, "फोन काढून घेतलास?"

"नहीं काकी," तो म्हणाला. "शादी के सारे वीडियो उड़ा दिए. अब बीवी बात नहीं कर रही है."

*

जगभरच्या गेमवाल्यांनी बोंब ठोकली. कोणी आपल्या गेममधल्या त्या कंपनीच्या जाहिराती बंद केल्या, कोणी इंजिनच सोडतो म्हणून जाहीर केलं. पप्पूला वाटलं, काशीतूनही निषेध गेला पाहिजे. त्यानं पुठ्ठ्यावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत 'नो न्यू फीज' लिहिलं, खाली नावेचं चित्र चिकटवलं, आणि सकाळी दशाश्वमेधावर जाऊन उभा राहिला. फोटो काढायला मी.

फोटो निघायच्या आत दोन परदेशी बाया आल्या आणि त्याच्यामागे उभ्या राहिल्या. मग एक दाढीवाला. मग एक अख्खं कुटुंब, पिशव्यांसकट. नावेचं चित्र, फी नाही, आणि समोर गंगा! त्यांचं काय चुकलं?

नाववाल्यांनी हे पाहिलं मात्र! "ए, फ्री किसने किया?" करत सगळे धावले. पप्पू समजावतोय, "भइया, ई इंटरनेट का मामला है!" ऐकतोय कोण!

पुठ्ठा फाटला. फोटो माझ्याकडे आहे. त्यात पप्पूचे फक्त पाय दिसतात.

*

अण्णांना फीचं प्रकरण अनंतानं नीट समजावून सांगितलं. ते तेव्हा ऑफिसात जिलेबी घेऊन आले होते. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "तुम्ही गेम बनवायला घेतलात तेव्हा दक्षिणा ठरली होती ना?"

"ठरली होती."

"मग संकल्प झाला. आता वाढवायचा काय संबंध?"

घाटावरची रीत अशी आहे. जी काय घासाघीस करायची ती आधी. एकदा यजमानानं तळहातावर पाणी घेतलं की उपाध्यायानं दक्षिणेचा शब्द काढायचा नाही. मंत्र म्हणायचा, पाणी सोडवायचं, संपलं.

"ही रीत एकानंच मोडली," अण्णा मला म्हणाले. "वहिनी, तो आमचा चुलतभाऊ. सांगलीकडची एक बाई नवऱ्याचं कार्य करायला आली होती. हातात पाणी घेऊन बसली. ह्यानं संकल्प अर्ध्यावर थांबवला नि म्हणाला, 'याला वरची दक्षिणा पडेल.'"

"मग? भांडली?"

"छे! एक शब्द नाही. तिनं पाण्याचा हात उचलला आणि ह्याच्या उघड्या पोथीवर धरला. थेंब पडायला लागले. म्हणाली, 'गुरुजी, पाणी गळतंय.'"

आम्ही हसलो. अण्णा हसले नाहीत. "अख्खा घाट बघत होता. त्यानं ठरल्या दक्षिणेत मंत्र पुरा केला. आजही कोणी यजमानाला मध्येच अडवायला लागला की शेजारच्या छत्रीतून आवाज येतो, पाणी गळतंय!"

कोपऱ्यात मुग्धा चित्र रंगवत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "अण्णा, पाणी ओंजळीत होतं की एका हातात?"

"एका हातात, सूनबाई. उजव्या."

"हं," म्हणाली, आणि परत रंगवायला लागली. जिलेबी तिच्या वाटची पप्पूनं खाल्ली.

*

ओरड फार झाल्यावर कंपनीनं छोट्या गेमवाल्यांशी बोलायला एक मुलगा नेमला. बंगळुरूचा. व्हिडिओवर आला. गोड होता, दर वाक्याला "वी हिअर यू" म्हणायचा. आम्ही तुमचं ऐकतोय. अनंता बोलला, वी हिअर यू. पप्पू बोलला, वी हिअर यू.

माझी पाळी आली. मी म्हटलं, "बेटा, सुनने को तो हमारे यहाँ दीवार भी है. जवाब देने वाला कोई हो तो उसे भेजो."

तो हसला. म्हणाला, "मॅडम, मैं ये टीम तक पहुँचाऊँगा."

"डाकिया है का?" पप्पू पुटपुटला.

निरोप घ्यायची वेळ आली तेव्हा मुलगा जरा घुटमळला. म्हणाला, "एक पर्सनल सवाल था. मैंने आपका गेम खेला है. वो गाय पानी पर चलती है, लहरों के साथ ऊपर-नीचे भी होती है. हमारे यहाँ किसी से नहीं बना. कैसे किया?"

अनंता तोंड उघडणार, तेवढ्यात मी म्हटलं, "बताएँगे. फीस लगेगी!"

*

कंपनीनं पुढे त्यातलं बरंचसं मागे घेतलं. पण ते नंतर. आमचं भांडण झालं तेव्हा काही मागे घेतलेलं नव्हतं. अनंताची झोप उडाली होती, आणि त्या सकाळी तो कुलूप घेऊन आला.

कुलूप म्हणजे असं, की नाव अर्ध्या वाटेवर, संकठा घाटापाशी थांबणार. पडद्यावर कुलूप येणार. पैसे भरा, मग पुढे.

"और जो पहले से खेल रहे हैं?" पप्पूनं विचारलं.

"त्यांनाही. अपडेट गेला की त्यांच्याही फोनवर कुलूप."

"पहले पन्ने पर क्या लिखा है, याद है?"

"ते पान काढून टाकू!"

तिथून ते टेबल, तो कुल्हड, ते सगळं झालं.

अनंताचंही खोटं नव्हतं. "पप्पू, तुझा पगार कुठून देऊ? कंपनीनं मला विचारलं होतं का नियम बदलताना? मग मी कोणाकोणाला विचारत बसू? कुलूप नको असेल तर उद्यापासून मी अण्णांच्या शेजारी छत्रीत बसतो. तुम्ही तुमचं बघा!"

"नया इंजन सीख लेंगे," पप्पू म्हणाला. "मुफ्त वाले भी हैं. नाव फिर से बना लेंगे."

"आणि तोवर खायचं काय? वर्ष जाईल त्यात!"

"कचौड़ी खाएँगे! उधार देता है नीचे वाला!"

मी म्हटलं, "अनंता, कुलूप लावलंस तर त्या नावेत माझा आवाज राहणार नाही."

"काढतो," तो म्हणाला. "आजच काढतो."

पप्पूनं आडवा कुल्हड उचलून सरळ ठेवला. मी पदरानं सांडलेला चहा पुसला. माझ्या आयुष्यात मला गप्प करणारी माणसं फार झाली नाहीत. खाली कढईत कचोरी सोडल्याचा आवाज वरपर्यंत आला.

अनंतानं लॅपटॉप पुढे ओढला. "मुग्धा, कुलपाचं चित्र झालं असेल तर पाठव. आत्ता अपडेट टाकतो."

मुग्धा तिच्या कोपऱ्यातून उठली. येताना पाण्याची बाटली घेऊन आली. झाकण काढलं, उजव्या तळहातावर पाणी ओतून घेतलं, आणि तो हात त्याच्या उघड्या लॅपटॉपवर धरला. अनंता वर बघायला लागला. पहिला थेंब कीबोर्डच्या काठावर पडला.

"अनंता," ती म्हणाली, "पाणी गळतंय."