अळवात टाकलेला लसूण

शेजारी चटणीसाठी लसूण कुटायला लागले की मला आमच्या गल्लीच्या तालमीत भरलेलं आरोग्य तपासणी शिबिर आठवतं. नव्वद सालानंतरची गोष्ट. माझ्या ब्लडप्रेशरवर उपाय म्हणून बायको रोज सकाळी लसणाच्या दोन पाकळ्या ठेचून माझ्या तळहातावर ठेवायची. तोंडाला वास येतो म्हणून मी त्या गुपचूप परसातल्या अळवात टाकायचो. डॉक्टरांची गोळी सोडली असं तिला सांगितलं होतं, पण ती माझ्या दुकानात ठेवून रोज घेत होतो. शिबिरात माझं प्रेशर अगदी बरोबर निघालं. रांगेतल्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात बायको म्हणाली, "बघा, लसणानं उतरलं का न्हाय? उगंच नाक मुरडत हुता. आता माझ्याबी प्रेशरच्या गोळ्या बंद!" मी तोंड उघडलं, पण चारचौघींत तिचं हसं होईल म्हणून गप्प बसलो. घरी आल्यावर माझी लबाडी उघडी पडेल म्हणून गप्प बसलो. वर्षाच्या आत अर्धांगाचा झटका येऊन ती गेली. गल्लीत अजून म्हणतात, यांना बायकोच्या लसणानं तारलं. तसं नव्हतं, मला गोळीनं तारलं. आता गोळीबरोबर मी रोज दोन पाकळ्याही चावून खातो. तोंडाला वास येतो, पण तो ओळखायला घरात कुणी नाही.