बेचाळीस छातीचं चिलखत

नाटक कंपनीत तिला सगळे ताई म्हणत. मालक वयानं तिच्याहून मोठे, तरी तेही ताईच म्हणायचे. सख्खी ताई मात्र ती एकाचीच होती, आणि तो होता कंपनीचा मुख्य नट. तिचा धाकटा भाऊ. ती कंपनीचे कपडे शिवायची, तो ते घालून टाळ्या घ्यायचा, आणि टाळ्यांतला निम्मा वाटा आपल्या सुईचा आहे असं ती दर प्रयोगाला बोलून दाखवायची. त्यावर तो म्हणायचा, "मग पुढच्या वेळी नुसता शर्टच पाठव स्टेजवर."

नव्या नाटकात तो सेनापती होता आणि सेनापतीला चिलखत हवं होतं. मालकांचा हात खिशात गेला की तिथंच मुक्काम करायचा. त्यांनी काढून दिले त्या पैशांत एखाद्या कारागिरानं एक बाही करून दिली असती. वर म्हणाले, "चकाकलं पाहिजे, वजनाला हलकं पाहिजे आणि तीन महिन्यांच्या दौऱ्यात टिकलं पाहिजे." आखूडशिंगी, बहुदुधी, आणि तीही फुकटात. ताईनं पैसे घेतले नि मान हलवली. नाही म्हणणं तिला कधी जमलंच नव्हतं.

पण डोकं भारी चालायचं तिचं. कोपऱ्यावरच्या बालवाडीनं जमिनीवरच्या जुन्या फोमच्या चटया बाहेर काढून ठेवल्या होत्या, एकमेकींत अडकणाऱ्या, पिवळ्या-गुलाबी, बदकांच्या चित्रांच्या. त्या तिनं दोन खेपांत घरी आणल्या. चपला चिकटवायचं पिवळं सोल्यूशन चांभाराकडून घेतलं. जुन्या दप्तरांचे पट्टे काढले, कोटांची पितळी बटणं काढली. वर्तमानपत्रं चिकटवून कागदी अंग केलं, त्यावरून फोम कापला, वर कागद ठेवून इस्त्रीनं तापवला आणि गरम असतानाच छातीचा भाग बादलीवर आणि खांद्यांचे भाग कुकरच्या झाकणावर दाबून बसवले. सोल्यूशनच्या वासानं तिचं डोकं आठ दिवस ठणकत होतं. शेवटी डिंकाचे चार हात, त्यावर काळा रंग आणि चिंधीनं नुसता घासलेला चंदेरी. बाहेरून बघावं तर पोलाद. आत बदकं.

चूक झाली ती वेगळीच, आणि ती तिच्यासारख्या मुरलेल्या शिवणारणीच्याच हातून व्हायची. तिच्या मापांच्या वहीत पहिलं पान धाकट्याचं होतं. छाती बेचाळीस, कंबर छत्तीस. तिशीनंतर तिनं त्याच्या अंगाला कधी टेप लावली नव्हती. "त्याचं माप मला तोंडपाठ आहे," असं ती ऐटीत सांगायची. कागदी अंग तिनं त्या पानावरून केलं होतं. कापड असतं तर निभावलं असतं. कापड अंगावर पडतं, सैल-घट्ट सांभाळून घेतं. गेलं वर्षभर तो स्टेजवर घोळदार झगे घालत होता आणि घरी जाडजूड स्वेटर. शिवाय रोज दिसणारं माणूस बारीक होताना दिसत नाही.

प्रयोगाला बारा दिवस असताना दुपारी तो तिच्या खोलीवर आला. तिनं चिलखत चढवलं, बाजूचे पट्टे ओढले. शेवटच्या भोकापर्यंत ओढले. तरी छोट्या पातेल्यावर मोठं झाकण ठेवावं तसं ते डुगडुगत राहिलं.

"कागद चुकला वाटतं माझा," ती म्हणाली आणि टेप घेऊन त्याच्या छातीभोवती फिरवली. आकडा बघितला. पुन्हा फिरवली.

"अडतीस," ती म्हणाली. "काय झालंय तुला?"

त्यानं आधी दाराला कडी घातली. मग सांगून टाकलं. पोटात गाठ होती. डॉक्टरनं लगेच कापायला सांगितलं होतं.

"लगेच म्हणजे कधी?"

"ते सगळ्यांनाच लगेच म्हणतात, ताई. एवढा दौरा होऊ दे. आत्ता बाजूला झालो तर मालक दुसरा उभा करतील आणि मग मला कोण विचारतंय? पन्नाशी आली माझी. दौरा संपला की जाऊन झोपतो टेबलावर. काय कापायचं ते कापू देत."

"मालकांना सांगू या. ते थांबतील."

"तू सांगितलंस तर मी तुझं तोंड बघणार नाही."

हे तो हसत म्हणाला, पण ताईनं त्याला लहानाचा मोठा केला होता. कुठलं हसू खरं हे तिला कळत होतं. चिलखत कापून लहान करायला ना फोम उरला होता ना सोल्यूशनला पैसे, आणि लहान केलं असतं तर तो लहानच दिसला असता. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. ताईनं अंथरूणच फाडलं. आपल्या गादीची शिवण उसवून तिनं फोमचा एक थर काढला आणि चिलखताच्या आत, बदकांवर, चिकटवला. धाकटा पुन्हा बेचाळीसचा झाला.

दौऱ्याआधीचे प्रयोग गावातच होते. पहिल्याच प्रयोगाला टाळ्या थांबेनात. मालक विंगेत येऊन म्हणाले, "ताई, तुमच्या भावानं अंग धरलंय हो." झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ती मनात म्हणाली, पण तिला स्वतःची किळस आली.

तिसऱ्या आठवड्यात तिनं दुसरा थर लावला, पाचव्यात तिसरा. मधेच मालकांनी दौऱ्याच्या नव्या कपड्यांसाठी सगळ्यांची मापं ताजी लिहायला सांगितली. धाकटा तिच्यासमोर हात पसरून उभा राहिला. टेपवर छत्तीस आले. तो नुसता तिच्याकडे बघत होता. तिनं वहीत बेचाळीस लिहिले. एवढ्या वर्षांत त्या वहीत पडलेला पहिला खोटा आकडा तो. अक्षर तिचंच होतं, पण तिला ते परक्याचं वाटलं.

मग एका प्रयोगानंतर तिनं पट्टे सोडले तेव्हा तो पेटीवर बसला आणि त्याला उठता येईना. सदरा पिळून काढावा इतका भिजला होता. श्वास लागला होता. तरी म्हणाला, "उजव्या बाजूला हलतंय गं. अजून एक थर घाल."

ताई घरी येऊन कात्री घेऊन गादीपाशी बसली. गादीत आता डोक्याच्या बाजूला हातभर फोम उरला होता. बाकी नुसतं कव्हर, फळीवर पसरलेलं. महिनाभर तिची पाठ फळीवर होती आणि तिला त्याचं काही वाटलं नव्हतं. आता वाटलं. मी ह्याला वाचवत नाहीये, ती मोठ्यानं म्हणाली, मी ह्याला झाकून मारतेय. खोलीत ऐकायला कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दौऱ्याची तालीम होती, मालक पुढच्या रांगेत बसणार होते. ती दोन तास आधी गेली आणि थर ओरबाडून काढले. सोल्यूशन पक्कं बसलं होतं. ब्लेडनं खरवडता खरवडता अंगठा कापला. बदकं पुन्हा दिसली.

चिलखत अंगावर येताच धाकट्याला कळलं.

"ताई, थर कुठेत?"

"काढले."

"लाव परत. पटकन."

"नाही."

बाहेरून मालकांची हाक आली. तो दोन्ही हातांनी चिलखत छातीशी धरून गेला. बोलण्याचे प्रसंग त्यानं तसेच निभावले. पण लढाईच्या प्रवेशात एका हातात तलवार आली, दुसऱ्यात ढाल. मागून वार येतो तिथं तो गर्रकन वळला. धाकटा वळला, चिलखत वळलं नाही. चिलखताची छाती खुर्च्यांकडे आणि माणसाचं तोंड पडद्याकडे. कुणीतरी हसलं. मग कुणीच हसलं नाही.

मालक स्टेजवर चढले. त्यांनी चिलखताच्या गळ्यातून हात आत घातला, तो कोपरापर्यंत गेला.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

धाकटा विंगेकडे बघत होता. ताई बाहेर आली.

"त्याच्या पोटात गाठ आहे," ती म्हणाली. "डॉक्टरांनी लगेच कापायला सांगितलंय. मला दीड महिना माहीत आहे. मीच आतून भरत होते."

मालकांनी आपल्या हातानं धाकट्याचे पट्टे सोडले. चिलखत खाली पडलं, फोमच ते, आवाजही झाला नाही. धाकटा ताईच्या जवळून गेला तेव्हा एवढंच म्हणाला, "मला बहीण नाही."

दोन दिवसांनी दुसरा नट उभा राहिला. चांगला मुलगा, कामाला नवा, सारखा "ताई, सांभाळून घ्या" म्हणणारा. तिनं त्याला चिलखत चढवलं. एकही थर न लावता ते त्याच्या अंगावर चपखल बसलं. पट्टे बांधताना तिच्या डोळ्यांतलं पाणी त्याच्या खांद्यावर पडलं, आणि त्या बिचाऱ्याला वाटलं आपलंच काही चुकलं.

धाकटा दवाखान्यात भरती झाला. डॉक्टर म्हणाले, उशीर झालाय. किती ते उघडल्यावर कळेल. ताई रोज सकाळी त्याच्या खाटेशी जाऊन बसायची. तो भिंतीकडे तोंड करून पडायचा. आठ दिवसांत एक शब्द नाही. ती आपली डबा ठेवायची, रिकामा परत न्यायची, आणि डबा रिकामा होतो यावर दिवस काढायची.

नवव्या दिवशी ऑपरेशन होतं. नर्स कपाटाशी उभी राहून म्हणाली, "यांना घालायचा झगा मोठा देऊ की मधला?"

बेचाळीस, ताईच्या ओठांवर आलं. तिथंच राहिलं.

"थांबा हं," ती म्हणाली, "मला पाठ नाही." तिनं पिशवीतून टेप काढली, वही काढली. पहिलं पान उघडलं. खाटेपाशी जाऊन ती नुसती उभी राहिली. हात लावायची तिची छाती होईना.

धाकटा भिंतीकडून इकडे वळला. हळूहळू उठून बसला आणि सतराव्या वर्षापासूनच्या सवयीनं त्यानं दोन्ही हात पसरले. ती टेप फिरवत असताना तो तिच्या कानापाशी म्हणाला, "खरं लिही आता."

तिनं बेचाळीसवर काट मारली आणि बाजूला लिहिलं, साडेतेहतीस.