तिनं सांगितलं होतं

बीदरकडच्या एका सरकारी दवाखान्यात मी पेशंटांना चिठ्ठ्या फाडून द्यायचो. पण माझं खरं काम वेगळंच होऊन बसलं होतं. डॉक्टर दक्षिणेकडचे, मराठी त्यांना कळायची नाही. मराठी पेशंट आत गेला की मी टेबलाशेजारी उभा राहून त्याचं दुखणं कन्नडात सांगायचो. हे काम कुणी नेमून दिलेलं नव्हतं, म्हणून त्यावर कुणाची नजरही नव्हती.

आमच्या भावकीतलं कुणी आलं की मी सगळं सांगायचो. कधीपासून दुखतं, कुठं दुखतं, घरात आधी कुणाला होतं का. बाकीच्यांचं दोन शब्दांत उरकायचो.

दुबलगुंडीची एक बाई आली. पन्नाशीची, रोजानं शेतात जाणारी. ती बराच वेळ बोलली. भारा उचलला की छातीवर दगड ठेवल्यागत होतं, डावा हात भरून येतो, घाम सुटतो, बसलं की कमी होतं. डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "गॅस. छातीत जळजळतंय." त्यांनी तेच लिहिलं.

उठताना तिनं विचारलं, "अण्णा, समदं सांगितलाव न्हवं?"

"व्हय अक्का, समदं."

पंधरा दिवसांत ती वारली. शेतातच, भारा डोक्यावर घेताना.

त्या दिवशी गर्दी होती, असं मी वीस वर्षं स्वतःला सांगत आलो. गर्दी आमच्या पाव्हण्यांच्या वेळीही असायची. ती बाई बौद्ध वस्तीतली होती. डॉक्टरांना ते ठाऊक नव्हतं. मला होतं.

मागच्या महिन्यात बीपीच्या गोळ्यांसाठी मैलूरच्या एका दवाखान्यात बसलो होतो. शेजारच्या चाळिशीतल्या माणसानं मला ओळखलं. दुबलगुंडीच्या त्या बाईचा मुलगा, त्यानंच सांगितलं.

"डॉक्टरला आमची भाषा समजावून सांगायचे ते तुमीच न्हवं? नंबर कितवा? अठरा? ह्या वयात कामून ताटकळायलाव? माझा नऊ हाय, घ्या."

त्यानं टोकन हातात दिलं. मी घेतलं, माझं त्याला दिलं.

मग तो आईविषयी बोलू लागला. "लई गप होती. दुखणं अंगावर काढली, कुणाला बोलली न्हाई. राग येतो अजून तिचा. बायकोला म्हणतो, बाई, काय बी कर, माझ्या आईगत गप बसू नको." तो हसला.

आत सात नंबरचा पेशंट गेला. मी पाय हलवत बसलो, चष्मा पुसला, पुन्हा पुसला. आठ नंबर गेला. आता नऊ पुकारला की उठून आत गेलो असतो तर सुटलो असतो.

"ती गप नव्हती," मी म्हणालो. "तिनं सगळं सांगितलं होतं. मी डॉक्टरांना सांगितलं नाही." आणि तिचे शब्द, तिनं सांगितले त्याच क्रमानं, त्याला सांगितले. गॅस म्हणालो तेही.

तो माझ्याकडं वळला. मग म्हणाला, "समदं सांगाया किती येळ लागला असता?"

"दोन मिनिटं."

"आन् आमच्या वस्तीचं न्हवं, तुमच्यातलं कुणी असतं तर?"

"सांगितलं असतं."

नऊ नंबर पुकारला. त्यानं माझ्या हातातलं टोकन काढून घेतलं आणि अठरा नंबरचं परत ठेवलं. "माझा नंबर हाय," एवढंच म्हणाला.

दार अर्धवट उघडं राहिलं होतं. आत तो स्वतःचं दुखणं स्वतःच कन्नडात सांगत होता, घाई न करता. उठून घरी जावंसं फार वाटलं. पण अजून मधे आठ जण होते, आणि मी बसून राहिलो.