तेराव्याची पगडी

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस मानमोडीचा ताप गोंदियात शिरला आणि त्यात माझे वडील गेले. त्यांचं अंथरूण, धोतरं, बंड्या, सगळं आम्ही मुर्रीच्या वाटेवर नेऊन जाळलं. रोग्याच्या कपड्यांतून ताप पसरतो असं मी वाचलं होतं, आणि घरात माझी लहान मुलगी होती.

पगडीही जळाली असं मी धरून चाललो होतो. तेराव्याच्या सकाळी आईने ती फडताळातून बाहेर काढली. आमच्याकडे त्या दिवशी बापाची पगडी थोरल्या मुलाच्या डोक्यावर ठेवतात.

ती देखणी होती, हे भीतीतही दिसत होतं. रेल्वे येण्याआधी इथली लाख आणि डिंक बैलगाड्यांनी बाहेर जात, त्या काळच्या व्यापाऱ्यांची ती तऱ्हा. विटकरी रंगाचं तलम कापड, पीळ देऊन एकावर एक बसवलेलं, कपाळावर जरीची एकच बारीक रेघ. तशी पगडी बांधणारं आता गावात कोणी उरलं नव्हतं. स्टेशनाभोवती बाजार वाढला तशी माणसं टोप्या घालू लागली होती. वडील मात्र तापातही, कोणी भेटायला आलं की, पगडी मागून घेत. आतल्या अस्तरावर त्यांच्या घामाचा पिवळट डाग होता. माझी नजर त्या डागावरून हलेना.

"सासऱ्यांनी नवा फेटा आणलाय, तोच बांधू," मी म्हणालो.

"काऊन? बापाची पगडी जड होऊन राहिली काय तुले?" आईने विचारलं.

दवनीवाड्याहून आलेले मामा हसले. "अवो बाई, मॅट्रिक झालेलं डोस्कं हाय ते. पगडीत मावत नसन!"

बसलेली मंडळीही हसली. मी आईजवळ सरकून हळूच म्हणालो, "आई, घरात लहान पोर आहे."

"मले दिसून नाही राहिली काय ते?" ती म्हणाली आणि दोन्ही हातांनी पगडी माझ्या डोक्यावर ठेवली.

ती सैल होती, भुवयांपर्यंत उतरली. वडिलांच्या तेलाचा वास आला आणि मी श्वास रोखला.

"आबा!"

मुलगी दारातून धावत आली. आबा, म्हणजे माझे वडील, रोज क्षणभर ती पगडी तिच्या डोक्यावर ठेवत. तिला थांबवायला मी हात पुढे केले. मी उचलून घेतोय असंच तिला वाटलं. मांडीवर चढून तिने जरीला गाल लावला, मग तोंड लावलं.

"पोरीनं वळखलं बुढ्याले!" मामांचे डोळे भरून आले. मला तिला दूर करायचं होतं, पण इतक्या लोकांसमोर हात उचलेना.

त्यानंतर मी काही ना काही निमित्त काढून तिच्या कपाळाला हात लावू लागलो. केस मागे सारायला, माशी हाकलायला. वाचायला बसलो की ओळ तीच राही आणि कान तिच्या खोकल्याकडे. ती खोकत नसे, तरी ऐकू येई.

एका पहाटे ती झोपेत असताना मी पुन्हा हात पुढे केला, तर तिथे आधीच एक हात होता. आईचा. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

मुलीचं कपाळ गार होतं. आईचा हात तापलेला होता.