मनोऱ्यावरचं ऊन

आमच्या आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई चंदनबाला, जर्मनीला निघाल्या तेव्हा त्यांच्या बॅगेत ज्वारीचं पीठ, मुगाची डाळ, शेंगदाण्याची चटणी आणि आमच्याच दुकानातली हळद होती. कपडे मागाहून, जागा उरली म्हणून भरले. माझी नणंद ब्राह्मी हिचं पहिलं बाळंतपण. ते माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी तिला विमानात बसू नको म्हणून सांगितलं. मग माहेरच उठून तिकडे गेलं.

ब्राह्मीचा नवरा सम्मेद आधी शिरवळच्या कारखान्यात होता. कंपनीनं त्याला जर्मनीला धाडलं. जर्मनी म्हटल्यावर आम्ही मोठं शहर डोळ्यांसमोर आणलेलं. निघालं एवढंसं खेडं. दोन्ही बाजूंना उभे डोंगर, मध्ये ओढा, ओढ्याकाठी एका ओळीत घरं. आमच्या सांगलीच्या एका गल्लीत अख्खं गाव मावलं असतं. फक्त चर्च तेवढं खाली नव्हतं. ते समोरच्या डोंगरावर, घरांपासून चांगलंच उंच, एकटं उभं होतं. एवढ्या वर कोण मरायला चढतंय, असं मी व्हिडिओ कॉलवर ब्राह्मीला म्हणाले होते.

आता आत्तींचा नेम सांगते. दिवस मावळल्यावर अन्न नाही, पाणी नाही. लग्नाआधी मुनिमहाराजांसमोर घेतलेला. आमच्या जैनांत पुष्कळ जण पाळतात. मीही पाळते, पण लग्नकार्यात थोडी डोळेझाक करते. आत्तींकडे तसली सोय नाही.

सांगलीत त्याचं काही अवघड नसतं. आमच्या गच्चीवरून सूर्य पार नदीपलीकडच्या उसात उतरेपर्यंत दिसतो. त्या गावात मात्र डिसेंबरात तो सकाळी अकराच्या सुमाराला एका डोंगरावरून डोकवायचा आणि दुपारची जेवणं आटोपतात न आटोपतात तोच दुसऱ्या डोंगरामागं जायचा. पहिल्याच दिवशी ऊन गेलं आणि आत्तींनी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला. तो दुसऱ्या दिवशी ऊन आल्यावरच उचलला.

मी फोनवर भांडले. "आवं आत्ती, सूर्य मावळला न्हाई. डोंगराआड गेलाय."

"मग सांगलीत कुठं जातो? तिथंबी कशाच्या तरी आडच जातो की."

"मोबाइलवर बघा, साडेचारला मावळतोय."

"नेम मी घेतलाय, मोबाइलनं न्हाई."



खरी गंमत पुढेच. ढगाळ दिवशी त्या घड्याळ मानायच्या. सांगलीत पावसाळ्यात आपण कॅलेंडरवरची वेळ बघतो, तसं. सूर्य दिसत नसेल तर वेळ बघावी, पण डोळ्यांदेखत गेलेला दिसला तर नाही कसं म्हणायचं, हा त्यांचा हिशेब. त्यामुळं ढग आले की आत्ती दोन वेळा जेवायच्या आणि लख्ख ऊन पडलं की अर्धपोटी राहायच्या. नेमकं त्या महिन्यात तिथं रोज लख्ख ऊन. जर्मनीत ढग यावेत म्हणून सांगलीत माळ ओढणारी मी पहिलीच असेन.

माझे सासरे तवनाप्पा, त्यांना मी मामा म्हणते, यांचं वेगळंच. मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला त्यांचा आवाज चार दुकानं पलीकडे जातो. घरात आले की तोंडाला कुलूप. बायकोला स्वतः फोन करणं त्यांनी आयुष्यात केलं नाही. रोज संध्याकाळी मलाच विचारायचे, "जेवली का?" मी "न्हाई" म्हटलं की पेपर उघडायचे. तो सकाळीच वाचून झालेला असायचा.

आणि एक दिवस आत्ती जिन्यात चक्कर येऊन बसल्या. पडल्या नाहीत, एवढंच नशीब. रक्तदाबाची गोळी चालू आणि पोटात पाणी नाही. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, असंच चाललं तर बाळंतिणीआधी यांनाच दवाखान्यात ठेवावं लागेल. नववा महिना लागलेली ब्राह्मी फोनवर ढसाढसा रडली. "वहिनी, आईनं जेवावं, न्हाईतर परत जावं. मी तिच्याकडं बघू का बाळाकडं?"

मामा म्हणाले, "परत बोलवा." सम्मेद तिकीट बघायला लागला.

आत्तींना हे कळलं तेव्हा व्हिडिओ कॉलवर त्या एवढंच म्हणाल्या, "लेकीला अशी टाकून येऊ?" आणि पदर डोळ्यांना लावला. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. माझा सगळा राग त्या पदरात गेला.

शेजारी हिल्डा नावाची म्हातारी राहायची. आत्ती वाळत चालल्यात हे तिनं पाहिलं होतं. आत्ती काही खात नाहीत असं वाटून तिनं दोनदा केक करून आणला होता. त्यात अंडं, त्यामुळं तो सम्मेदच्या ऑफिसात गेला. शेवटी तिनं ब्राह्मीला सरळच विचारलं आणि ब्राह्मीनं सगळं सांगितलं.

हिल्डा हसेल असं ब्राह्मीला वाटलं होतं. ती हसली नाही. ती खुर्ची ओढून बसली आणि गावाची गोष्ट सांगायला लागली. ब्राह्मी मराठीत सांगत गेली. पूर्वी या डोंगरात चांदीची खाण होती, म्हणून तर इतक्या अडचणीत गाव वसलं. माणसं उजाडायच्या आत खाणीत जायची, अंधार पडल्यावर बाहेर यायची. ऊन दिसायचं फक्त रविवारी, आणि खाली तर रविवारीही ते दुपारीच पळायचं. तेव्हा त्या लोकांनी ठरवलं की देऊळ तरी जिथं दिवस शेवटपर्यंत टिकतो तिथं बांधायचं. दगड पाठीवर वाहून वर नेले. पुढं चांदी संपली, खाण बुजली, पण देऊळ तिथंच राहिलं. "आमच्या गावाचा दिवस वर संपतो," हिल्डा म्हणाली.

आत्तींना चर्चच्या त्या मनोऱ्यावरचं ऊन स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज दिसत होतं. पण वरच्यांचा दिवस वरच्यांचा, असं त्या धरून चालल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दोघी म्हाताऱ्या डबा घेऊन वर निघाल्या. ब्राह्मीला चढवेना, सम्मेद कामावर. एकीला मराठी, दुसरीला जर्मन. दोघी वाटेत काय बोलल्या देव जाणे, पण बोलत होत्या, असं आत्तीच सांगतात. खाली ऊन केव्हाच गेलेलं. अर्ध्या चढावर सावली संपली आणि दोघींच्या अंगावर ऊन आलं. चर्चच्या अंगणातून बघतात तर डोंगराच्या वर अख्खा सूर्य, आणि खाली सावलीत त्यांचंच घर. खिडकीत ब्राह्मी हात हलवत होती.

आत्तींनी बाहेरूनच देवळाला हात जोडले, बाकावर बसल्या आणि डबा उघडला. रात्री मला म्हणाल्या, "प्रीती, गाव एकच हाय. एका गावात दिवस दोनदा कसा मावळंल गं?"

मला हेच महिनाभर सांगायचं होतं. पण माझ्या बोलण्याला चढ नव्हता ना.

तिकीट राहिलं. त्यानंतर आत्ती, मनोऱ्यावर ऊन आहे तोवर, खालीच, स्वयंपाकघरात, खिडकीसमोर जेवायला लागल्या. पहिल्या दिवशी ब्राह्मीनं आम्हाला कॉल लावला. आमच्याकडं भांडी घासून झालेली. ताटात भाकरी, मुगाची आमटी, चटणी. पण आत्ती घास घ्यायच्या, मान वर करून मनोऱ्याकडं बघायच्या, पुन्हा घास घ्यायच्या. निम्मं जेवण मान वर करण्यातच चाललेलं.

मामांनी माझ्या हातातून फोन घेतला. "ब्राह्मी, फोन खिडकीकडं फिरव."

फोन फिरला. पांढऱ्या मनोऱ्यावर पिवळं ऊन होतं. आत्ती आता दिसत नव्हत्या.

"तू खाली बघून जेव," मामा म्हणाले. "उनाकडं मी बघतो."

 पलीकडून आत्तींचा आवाज आला. "हाय का?"

"हाय. सावकाश जेव."

पुन्हा थोड्या वेळानं, "हाय का?"

"हाय म्हटलं की. अजून एक भाकरी घे."

मामांनी चष्मा लावला, फोन डोळ्यांजवळ नेला आणि आत्तींनी हात धुईपर्यंत तो खाली ठेवला नाही.