परत बोलावलेली गाडी

दुचाक्यांच्या त्या सर्व्हिस सेंटरच्या गिऱ्हाइकांना वहिनींचा आवाज चांगला ओळखीचा होता, चेहरा मात्र फारसा कोणाला ठाऊक नव्हता. काउंटरच्या मागे काचेची खोली होती आणि तिच्या कोपऱ्यात वहिनींचं टेबल. तिथे बसून दिवसभर फोन करायचे. अमुक गाडीचं सर्व्हिसिंग आलंय, तमुक गाडी तयार आहे, घेऊन जा. चिडून फोन उचलणारा माणूससुद्धा वहिनींचे आभार मानूनच फोन ठेवायचा.

मेकॅनिक विचारायचे, "वहिनी, घरी पण असंच बोलता का हो?"

"घरी ऐकून कोण घेतंय?" वहिनी म्हणायच्या.

तिथे सगळेच त्यांना वहिनी म्हणत, त्याचं कारण त्यांचा धाकटा दीर. पाच-सहा वर्षांपूर्वी तो तिथे जुन्या गाडीचं काम करून घ्यायला गेला असताना फोनवर बसणारी बाई काम सोडून चालली होती. हा पठ्ठ्या मॅनेजरला म्हणाला, "माझ्या वहिनींना बसवा. त्यांनी शिव्या दिल्या तरी लोकांना गाणं वाटेल." वहिनींना दुसऱ्याच दिवशी बोलावणं आलं. पुढे धाकट्यानं नवी गाडी घेतली तीही तिथूनच, आणि पहिली चक्कर वहिनींना मारून आणली. तेव्हा घरात असं होतं.

मग तो अपघात झाला.

धाकटा लाद्या बसवायची कामं घ्यायचा. थोरला, म्हणजे वहिनींचा नवरा, चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. त्याच्याकडे गाडी नव्हती. एका सकाळी आईला डॉक्टरकडे न्यायचं होतं आणि धाकट्याला काम होतं, म्हणून थोरल्यानं त्याची गाडी घेतली. उतारावर पुढे एक टेम्पो थांबला. थोरल्यानं ब्रेकची दांडी दाबली, ती नुसतीच आत गेली. मागचा ब्रेक एकटा पुरला नाही. टेम्पो चुकवायला त्यानं गाडी वळवली, ती कडेच्या खांबावर गेली. थोरल्याला चार ओरखडे आले, आईच्या कमरेचं हाड मोडलं.

धाकटा धावत आला. पोलिसांनी गाडी बाजूला लावून ठेवली होती. त्यानं दांडी दाबून पाहिली, चार माणसांना दाबायला लावली. ब्रेक लागत होता. दवाखान्याच्या जिन्यात, चार माणसांदेखत, तो भावाच्या तोंडावर म्हणाला, "ठणठणीत आहे ब्रेक. दुसऱ्यांना चष्मे देतोस आणि तुला समोरचा खांब दिसत नाही? चूक झाली म्हण ना सरळ. गाडीवर कशाला ढकलतोस?"

आईला विचारलं तर ती म्हणाली, "मला काय माहीत? मी गाडीवर बसले की डोळे मिटून देवाचं नाव घेते."

थोरला मुळात कमी बोलणारा. त्या दिवसानंतर त्यानं ब्रेकचं नावही काढलं नाही. आई धाकट्याकडे राहिली, कारण तिथे जिना नव्हता. धाकटा कामावर गेला की थोरला जाऊन तिच्याजवळ बसायचा आणि तो यायच्या आत निघायचा. सगळ्या नातेवाइकांत झालं होतं, थोरल्यानं आईला पाडलं. वहिनींना हे शब्द काट्यासारखे टोचत. नवऱ्याला खोटं बोलता येत नाही, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण ते दाखवायचं कशानं?

वर्ष गेलं. एका सकाळी मॅनेजरनं सगळ्यांना जमवून सांगितलं, की कंपनीनं एका मॉडेलच्या गाड्या परत बोलावल्या आहेत. पुढच्या ब्रेकच्या दांडीपाशी तेलाची छोटी डबी असते, तिच्या आतलं रबर काही गाड्यांत फुगतं. मग दांडी कधी कधी नुसतीच आत जाते. सोडून पुन्हा दाबली की लागते.

"हेच तर वाईट आहे," मॅनेजर म्हणाला. "गिऱ्हाईक तक्रार घेऊन येतं, आपण दाबून बघतो तर ब्रेक ठणठणीत. आपण त्यालाच खुळ्यात काढतो."

वहिनींच्या हातातला कप तसाच राहिला.

"आणि वहिनी, फोनवर एक पथ्य पाळा. कोणाचं चुकलं, कोणाचं नाही, यात शिरायचं नाही. गाडी आणा, फुकट बदलून देतो. बास."

वहिनींनी दिवसभर पथ्य पाळलं. लोकांना फुकट म्हटलं की संशय यायचा. एकानं विचारलं, "फुकट कशाला देताय? काय पाणी मुरतंय ते सांगा आधी." दुसरा म्हणाला, "बाई, मी बँकेचा नंबर देणार नाही." वहिनींनी त्याला गोडीत समजावलं, की बँक राहू द्या, फक्त गाडी द्या. तिसऱ्यानं बायकोलाच फोन दिला आणि मागून त्याचा आवाज आला, "तूच बोल, तुला भांडता येतं." एकूण एक गाड्या वहिनींनी कबूल करून घेतल्या.

धाकट्याचा फोन त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवला होता. त्याची गाडी त्याच मॉडेलची, त्याच खेपेची.

फोन लागला आणि इतका वेळ पाळलेलं पथ्य एका वाक्यात मोडलं. "भाऊजी, बघा, शेवटी ह्यांचंच खरं निघालं. कंपनीच म्हणतेय, ब्रेकमध्ये खोट आहे. वर्षभर तुम्ही ह्यांना—"

"थांबा वहिनी. कंपनी असं म्हणते, की दादाची चूक नव्हती?"

"तसं नाही, पण काही गाड्यांत—"

"काही गाड्यांत! माझी गाडी मी रोज चालवतो. वर्षात एकदा तरी ब्रेक दगा द्यायला हवा होता का नको? ज्याला चालवता येते त्याला लागतो ब्रेक. आता कंपनीच्या नावानं माझ्याकडून माफी वसूल करायची आहे, ते मला कळतं. गाडी येणार नाही. ठेवा फोन."

संध्याकाळी त्यांनी हे नवऱ्याला सांगितलं. ब्रेकचं ऐकून तो नुसता हाताच्या बोटांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे मी दाबला होता. माझ्याच मनात हल्ली शंका यायला लागली होती, की घाबरून मी दांडी धरलीच नसेल."

इतके दिवस वहिनींना वाटत होतं, नवरा रागानं गप्प आहे.

"मी सोडणार नाही भाऊजींना," त्या म्हणाल्या. "सगळ्यांसमोर कबूल करायला लावते की नाही बघा."

"मला नको ते," थोरला म्हणाला. "त्याची पोरगी रोज बसते त्या गाडीवर. आधी गाडी आणव."

दुसऱ्या दिवशी जावेचा फोन आला. अगदी हळू आवाजात बोलत होती. "ताई, काल काय बोलणं झालं हो? हे नुसते धुमसताहेत. मी म्हटलं, दाखवून या गाडी, तर म्हणतात, गाडी तिथे नेली की मी भावावर खोटा आळ घेतला असं होईल. आज पोरीला शाळेत सोडतानाही तीच गाडी नेली. मला घरात बसवत नाही."

वहिनींनी फोन ठेवला आणि थोडा वेळ दुसरा लावला नाही. दिवसभर परक्यांना त्या सांगत होत्या, की गाडी आणण्यात कमीपणा नाही. घरच्या माणसापुढे मात्र कमीपणाच आधी मांडून बसल्या होत्या. त्या मांडलेल्या कमीपणामुळे ती पोरगी त्या गाडीवर बसली होती. उद्या काही झालं तर 'मी सांगितलं होतं' म्हणायला तोंड राहील का? रोज सकाळी फोन उचलण्याआधी त्या डोळे मिटून क्षणभर देवाला आठवत. आज भर दुपारी आठवलं. नवऱ्याचं खरं ठरो न ठरो, तो हिशेब तुझ्याकडे ठेव, म्हणाल्या, मला फक्त ती गाडी इथे आणू दे.

मग त्यांनी सेंटरच्या फोनवरून, सेंटरच्या आवाजात फोन लावला.

"नमस्कार साहेब. आपल्या गाडीच्या पुढच्या ब्रेकचा एक भाग कंपनी बदलून देते आहे. आपल्याला कधी सोयीचं पडेल?"

वहिनींचा आवाज न ओळखायला धाकटा काही खुळा नव्हता.

"कोण बोलतंय?" त्यानं विचारलं.

"सर्व्हिस सेंटरमधून बोलते आहे, साहेब."

"अस्सं. बाई, माझा ब्रेक चांगला आहे."

"चांगला असेल साहेब. चांगले आहेत तेही बदलतो आहोत."

"बदलला म्हणजे खराब होता असं होतं ना?"

पुढचं वाक्य वहिनींना जड जात होतं, पण आवाजात ते येऊ दिलं नाही. "नाही साहेब. गाडी आणली म्हणजे कोणाचं खरं आणि कोणाचं खोटं, असं काही ठरत नाही. तो विषय इथे निघणार नाही. मी शब्द देते."

"तुम्ही शब्द देता?"

"सेंटरच्या वतीनं, साहेब."

"सेंटरचं राहू द्या," धाकटा म्हणाला. "बरं. पोरीला शाळेतून घरी सोडून येतो."

"तिला आज रिक्षानं येऊ द्या, साहेब."

"...येऊ देतो."

तो आला. वहिनींकडे न बघता बाकावर जाऊन बसला. मेकॅनिकनं दांडीपाशी हात घातला, तेल काढलं, डबी उघडली आणि आतलं रबर चिमटीनं फडक्यावर ठेवलं. शेजारी नवं ठेवलं. जुनं एका कडेनं सुजल्यासारखं दिसत होतं. धाकटा उठून जवळ आला, वाकून बघायला लागला.

"हे असं कधीपासून असेल?" त्यानं विचारलं.

"ते कसं सांगणार?" मेकॅनिक म्हणाला. "काल फुगलं असेल, नाहीतर दोन वर्षांपूर्वी."

"म्हणजे गेल्या वर्षी ब्रेक लागला होता की नाही, हे यावरून कळणार नाही."

"यावरून नाही. चालवणाऱ्याला कळलं असेल."

गाडी तयार झाली. परत बोलावलेल्या गाड्यांची माहिती भरायचं कामही वहिनींकडेच होतं. धाकटा काचेच्या खोलीत येऊन समोर बसला. नाव, पत्ता, गाडी कधी घेतली, सगळं भरून झालं आणि वहिनींची नजर खालच्या प्रश्नावर अडली. या गाडीला पूर्वी अपघात झाला आहे का? दोन दिवसांत हा प्रश्न त्यांनी कितीदा तरी विचारला होता, आणि फोनवर शब्द देताना नेमका हाच विसरल्या होत्या.

मॅनेजर मागून जात होता. तो वाकून हळूच म्हणाला, "नाही टाका. हो म्हटलं की कंपनीची माणसं चौकशीला येतात, गिऱ्हाइकाला आणि आपल्याला, दोघांनाही ताप."

वहिनींचं बोट थांबलं. विचारलं तर शब्द मोडत होता. न विचारता 'नाही' टाकायचं तर ते खोटं. खोटं लिहायची त्यांना सवय नव्हती. आता तूच बघ, असं देवाला मनातल्या मनात म्हणून त्यांनी, सगळ्यांना विचारत त्याच आवाजात, विचारलं, "साहेब, या गाडीला पूर्वी अपघात झाला आहे का?"

धाकट्यानं मान वर केली. वहिनींना वाटलं, आता उठून जातो.

"झालाय," तो म्हणाला.

मॅनेजर जाता जाता थबकला.

"गाडी कोण चालवत होतं?"

"माझा भाऊ."

"ब्रेकबद्दल तेव्हा काही तक्रार केली होती का?"

"त्यानं केली होती. तिथल्या तिथे, रस्त्यावरच."

"कंपनीकडे पोचवली?"

"नाही." धाकट्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "कोण पोचवणार? कंपनीनंही घेतली नसती इतकी बाजू मी तिची घेतली. चार माणसं जमवून ब्रेक दाबून दाखवला. तो एकदा म्हणाला, दांडी आत गेली. मी ऐकून घेतलं नाही. लिहा तसं."

वहिनींनी लिहिलं. अक्षरं मधेच धूसर झाली, तरी लिहिलं. मॅनेजरनं काही बोलायला तोंड उघडलं, वहिनींचा चेहरा पाहिला आणि दुसरीकडे निघून गेला.

"चौकशीत चालकाचं म्हणणं घेतील," वहिनी म्हणाल्या. आवाज अजून सेंटरचाच होता, पण आता तो धड टिकत नव्हता. "त्यांना आधी कळवावं लागेल. आम्ही फोन करू, की तुम्ही कळवाल?"

"फोनवर नको," धाकटा म्हणाला. "मी जे बोललो ते त्याच्या तोंडावर बोललो होतो. हेही तोंडावरच सांगतो." त्यानं किल्ली उचलली आणि दारात थांबला. "वहिनी, दादा आत्ता दुकानात असेल का? का दुकानात जाणं बरं दिसणार नाही? मालक असतो, गिऱ्हाइकं असतात."

"असू देत की गिऱ्हाइकं," वहिनी म्हणाल्या. "भाऊजी, जिन्यातही माणसं होतीच. जा तुम्ही."

धाकटा मान हलवून बाहेर गेला. फाटकापाशी गाडी नेऊन त्यानं दांडी दाबली, सोडली, पुन्हा दाबली आणि चष्म्याच्या दुकानाच्या बाजूला वळला.