दाजींचा सोमवार : कोयनानगर ते सांगली, माणमार्गे

हौसेनं आखलेली ही सहल नव्हे, हे आधीच सांगते. नव्वदच्या दशकात मी साताऱ्याच्या टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होते. एका दुपारी कोयनानगरच्या एसटीडी बूथवरून अक्काचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा फोन आला आणि ती नुसतीच रडायला लागली. मी म्हटलं, अगं बोल, मीटर पडतंय!

"रंजे, ह्यांना साखर निघाली. शुभाचं लग्न याच महिन्यात उरकायचं म्हणतायत. कुणाचं ऐकत नाहीत. तू ये."

शुभा म्हणजे अक्काची एकुलती एक लेक. कराडला होस्टेलवर राहून इंजिनिअरिंग डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला शिकणारी, हुशार आणि माझी लाडकी. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी रजा टाकली, बॅग भरली आणि सातारा स्टँड गाठला.

तुम्हाला जायचं असेल तर रस्ता साधा आहे. उंब्रजला हायवे सोडायचा, पाटण घ्यायचं आणि मग नदी सोबतीला घेऊन वळणं मोजायच्या भानगडीत न पडता डोळे मिटून बसायचं. पोट हलकं असेल तर उत्तम. पाटणच्या स्टँडवर मी वडापाव खाल्ला आणि पुढच्या घाटात पस्तावले. थंडीचे दिवस होते, डोंगर अजून हिरवे होते आणि खिडकीची काच काही केल्या लागत नव्हती.

दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, कोयना प्रकल्पाच्या स्टोअरला होते. माणूस मूळचा दुष्काळी माण तालुक्यातला, मेंढपाळाच्या घरचा, आडदांड आणि गडगडाटी हसणारा. कोयनेत जमीन हलून भांडी वाजली तर "झोपा रं, जाईल आपोआप" म्हणून कूस बदलणारा. पण मी क्वार्टरमध्ये शिरले तर हे टीव्हीसमोर खुर्चीत मान खाली घालून बसलेले.

"या रंजनाबाई," ते म्हणाले. "बघून घ्या. आता काय दिसतोय, जातोय."

"दाजी, तोंड सांभाळा!" मी ओरडले. मला खरंच राग आला.

अक्कानं सांगितलं ते असं. कॉलनीत तपासणीचं शिबिर भरलं होतं. दाजींचं रक्त घेतलं, तर साखर चांगलीच वाढलेली. मोठ्या डॉक्टरांना दाखवा म्हणाले. त्यांच्याच खात्यातल्या एका सोबत्याचा पाय याच आजारात काढावा लागला होता, तेव्हापासून दाजींनी ह्या दुखण्याची धास्ती घेतलेली. मग त्यांनी हिशेब मांडला : आपलं काही खरं नाही, हातपाय धड आहेत तोवर पोरगी उजवून टाकायची. दहिवडीजवळच्या त्यांच्या गावातलंच एक स्थळ थोरल्या भावानं, अण्णांनी, सुचवलेलं. मुलगा मुंबईला नोकरीला, आठ दिवसांच्या रजेवर आलेला. घरदार बघायचं, पुढं सांगलीला डॉक्टर गाठायचा आणि परत येताना सुपारी फोडायची, म्हणजे लग्न पक्कं करायचं.

"आणि शुभाची परीक्षा?"

"परीक्षा देऊन काय करती ती? बाप न्हाई राहिला तर पोरीला कोन बघनार?" दाजी म्हणाले. त्यांचा आवाज फाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं निघालो. कोयनानगरहून कराड, कराडहून वडूज, वडूजहून दहिवडी. एसटी बदलण्यातच निम्मा दिवस जातो, तेव्हा बरोबर पाणी ठेवा. कराड सोडलं की हिरवं मागं पडत जातं आणि वडूजच्या पुढं माळच माळ. दर थांब्यावर चहाची टपरी आणि टपरीला गुटख्याच्या पुड्यांच्या माळा लटकलेल्या. पोरंसोरं फाडून तोंडात टाकत होती. पूर्वी ह्याच थांब्यांवर बोरं, शेंगा मिळायच्या. आता बिस्किटांचे पुडे, कुरकुरीत पिवळी फोलपटं आणि रंगीत पाण्याच्या बाटल्या. मी नाक मुरडलं खरं, पण एक पुडा मीही घेतलाच. भूक लागली की तत्त्वं कुठं आठवतात!

दाजी प्रत्येक थांब्यावर उतरायचे आणि चहा घ्यायचे. अक्का म्हणाली, "आवं, साखर..." तर म्हणाले, "मरनाऱ्याला च्या तरी पिऊ दे." हे दिवसभर चाललं होतं. माझं डोकं सटकायचं बाकी होतं.

अण्णांच्या घरी पोचलो. अण्णा दाजींहून मोठे, पण अंगानं काटक, अजून मेंढरांमागं रोज माळ तुडवणारे. त्यांच्या अंगणात टेकतोय तोवर चहा आला. चहाबरोबर खारी, बटर, शेव. चहा कसला, पाकच! नको म्हटलं तर अण्णांच्या बायकोचं, वहिनींचं तोंड उतरलं. रात्री जेवायला पोळ्या, विकतचं श्रीखंड, तळलेले पापड, फरसाण. मुंबईहून अण्णांचा पोरगा पैसे पाठवतो, पाहुण्यांचं उणं पडू नये, हा त्यांचा मोठेपणा. पण आतून बाजरीच्या भाकरीचा वास येत होता आणि माझा जीव त्यात अडकलेला. पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेले तर वहिनी चुलीपाशी हुलग्याचं माडगं आणि भाकरी खात बसलेल्या. माडगं म्हणजे हुलग्याच्या पिठाची कढत, झणझणीत पेज.

"वहिनी, मला हेच वाढा."

"आगं बया! पावण्यास्नी माडगं वाढत्यात व्हय? लोक काय म्हनतील?"

"लोक बाहेर बसलेत. वाढा तुम्ही."

तिथंच बसून जेवले. वहिनी हसत होत्या आणि लाजतही होत्या. चांगलंचुंगलं म्हणून बाहेर मैदा आणि साखर मांडायची आणि अंगाला लागणारं अन्न गरिबीचं म्हणून चुलीपाशी लपवायचं, ही नवीन तऱ्हा कुठून आली कुणास ठाऊक. बाहेर अण्णा भावाकडं बघून म्हणत होते, "ह्यो गडी दिसभर मेंढरामागं पळायचा. आता हाफिस हाकंच्या अंतरावर, तरी स्कूटर लागती. पोट बघा, पोट!" दाजी हसले नाहीत. दुखण्याचं त्यांनी भावालाही सांगितलं नव्हतं.

रविवारी सकाळी स्थळ बघितलं. मुलगा वाईट नव्हता, हीच पंचाईत. शांत, खाली मान घालून बोलणारा. पण त्याचे वडील स्पष्ट म्हणाले, "पोरीला आता शाळा बास. मुंबईच्या खोलीत डिप्लोमा काय कामाचा? गुरवारपर्यंत रजा हाय त्याची, त्याच्या आत काय ते ठरवा." मी दाजींकडं पाहिलं. वाटलं, नाही म्हणतील. दाजी म्हणाले, "बुधवारी सांगलीसनं माघारी येतो. सुपारी फोडू." अक्कानं पदर तोंडाला लावला. घराबाहेर आल्यावर मी दाजींशी भांडले, चारचौघांत, वेशीजवळ. ते एवढंच म्हणाले, "मला भ्या वाटतंय गं रंजे." एवढा मोठा माणूस असं बोलला की पुढं भांडता येत नाही.

दुपारची एसटी धरून मायणी, विटा करत संध्याकाळी पलूसला उतरलो. एका दिवसात दुष्काळातून उसात! रस्त्यानं उसाच्या गाड्या, हवेत मळीचा वास, पाण्यानं भरलेले पाट. इथं माझी चुलत बहीण मालन राहते. घर टोलेजंग, दारात दोन गाड्या, आणि मालन व तिचा नवरा दोघंही गुडघे धरून जिना चढणारे. "शेतावर आता गडीच बघतात," ती कौतुकानं म्हणाली. आम्ही जेवलो, मुकाट झोपलो.

सोमवारी सकाळी जाग आली ती शेंगदाण्याच्या कुटाच्या खमंग वासानं. सांगलीच्या डॉक्टरांनी फोनवर बजावून सांगितलं होतं, रक्त द्यायला काही न खाता या. म्हणून आम्ही लवकर निघणार होतो. मी स्वयंपाकघरात डोकावले. दाजी पाटावर मांडी घालून बसलेले. पुढ्यात ताटभर साबुदाण्याची खिचडी, बाजूला बटाट्याची भाजी, दोन केळी आणि गोड दुधाचा पेला. मालन आग्रहानं वाढत होती. अक्का शेजारी निवांत.

"दाजी! काही न खाता जायचंय ना?"

"मग? काय खाल्लंय मी?" दाजींचा चेहरा अगदी निष्पाप. "सोमवार हाय माझा."

"मग हे ताटात काय आहे?"

"फराळाचं हाय की!"

मी खालीच बसले. मग एकदम डोक्यात काहीतरी चमकलं. "दाजी, शिबिर कुठल्या वारी होतं?"

"सोमवारीच. का गं?"

"त्या दिवशी सकाळी काय घेतलं होतं?"

अक्कानंच सांगितलं, "खिचडी केली होती. केळी, दूध. आणि चहा काय, तो तर ह्यांचा चालूच असतो."

"आणि तिथं कुणी विचारलं नाही?"

"इचारलं की," दाजी म्हणाले. "ती नर्स म्हनली, जेवून आलाय का? म्हनलं, न्हाई बाई, सोमवार हाय माझा. ती म्हनली, बरंच झालं मग."

"अक्का, तुला तरी कळलं नाही?"

"उपासाचं खाल्लेलं कुठं कुणी मोजतं गं?" अक्का म्हणाली. तिच्या बोलण्यात तसूभर खोट नव्हती. आपल्यात खरंच कुणी मोजत नाही. चहा मोजत नाही, फराळ मोजत नाही, पाहुण्याच्या घरचं तोंड गोड करणं मोजत नाही. भात-भाकरी पोटात गेली तरच माणूस जेवला.

मी समजावून सांगितलं की खिचडी, केळी आणि गोड दुधावर रक्त दिलं तर साखर जास्तच दिसणार. दाजींनी घास खाली ठेवला. "म्हंजी मला न्हाई व्हय?" ते म्हणाले. म्हटलं, ते मी कोण सांगणार? डॉक्टर सांगतील. त्यांच्या डोळ्यांत आशा आली, आणि तीच बघवेना. खोटी ठरली तर काय?

तरीही सांगलीला गेलो. डॉक्टरबाई मध्यमवयीन, चष्मेवाल्या. सगळं ऐकून त्या हसल्या नाहीत. "सोमवारवाले, चतुर्थीवाले माझ्याकडे नेहमी येतात," म्हणाल्या. "उद्या या. रात्री जेवा आणि मग पाण्याशिवाय काही नको. चहासुद्धा नको. ऐकलंत? चहासुद्धा."

तो दिवस सांगलीत काढला. गणपतीचं दर्शन घ्या, मग घाटावर बसा, कृष्णेचं पाणी बघत वेळ बरा जातो. भडंग घेतल्याशिवाय मात्र परतू नका. आम्ही पुडी सोडली, दाजींनी हातसुद्धा लावला नाही. संध्याकाळी पलूसला परत, मंगळवारी पहाटे पुन्हा एसटी. चहाविना दाजींचं डोकं चढलं. कंडक्टरवर खेकसले, अक्कावर खेकसले, शेवटी खिडकीबाहेरच्या उसावर खेकसले. मला हसू आवरेना आणि भीतीही वाटत होती.

रक्त दिलं. मग डॉक्टरबाईंनी पोटभर जेवून यायला सांगितलं, पुन्हा रक्त घेतलं. दुपारी आत बोलावलं.

"तुम्हाला मधुमेह नाही," त्या म्हणाल्या.

त्यांनी तपासणीचा कागद आमच्यापुढं सरकवला.

"आज नाही, असं म्हणते मी. जेवणानंतरची साखर काठावर आहे. दिवसभर खुर्ची, दारात स्कूटर, येता-जाता चहा आणि उपासाला एवढं ताट, हे असंच चालू ठेवलंत तर पुढं भेट होईलच आपली. चालायला लागा. भाकरी खाता का?"

"लहानपनी खायचो," दाजी म्हणाले. आणि मग हा आडदांड माणूस त्या खुर्चीत ढसाढसा रडला. अक्का त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती, मी भिंतीकडं तोंड करून नाक पुसत होते. इतकं हलकं मला माझ्या स्वतःच्या कुठल्या निकालानंतर वाटलं नव्हतं. बाहेर आलो तर सांगलीचं ऊनही गोड लागलं.

पहिला मिळाला तो एसटीडी बूथ गाठला. शुभाच्या होस्टेलवर फोन लावला. ती धावत आली असावी, धापा टाकत होती. दाजींनी विचारलं, "परीक्षा कवा हाय गं?" तिनं सांगितलं. "आब्यास कर," म्हणाले आणि ठेवून दिला. बस्स, एवढंच.

बुधवारी दाजी एकटेच माणात गेले. मुलाकडच्यांना हात जोडून नाही म्हणाले. अण्णा खवळले, कितीतरी दिवस बोलले नाहीत. ते मुलाचे वडील मात्र म्हणाले म्हणे, "आजून सुपारी फोडली न्हाई, मग कसला राग?" मोठ्या मनाचा माणूस, त्यांना मी मनात उगाच नावं ठेवली होती. मी साताऱ्याला परतले, दुसऱ्या दिवशी कानाला हेडफोन लावून बोर्डावर बसले.

त्या प्रवासातलं काय उरलं? दाजी ऑफिसला चालत जायला लागले, सोमवारी ताक आणि राजगिऱ्याची भाकरी खायला लागले. चहा कमी झाला, पण सुटला म्हणणं खोटं होईल. माझ्या घरात बाजरी परत आली. आणि पाहुणे आले की मी आधी विचारते, चहा घेता की नको? आता बरेच जण नको म्हणतात, आणि कुणाचं तोंड उतरत नाही.

शुभानं डिप्लोमा केला, पुढं डिग्री केली. आज पाटबंधारे खात्यात इंजिनिअर आहे, साइटवर शिरस्त्राण घालून माणसांना कामाला लावते. लग्न तिनं स्वतःच्या पसंतीनं, सावकाश केलं. ती खिचडीची गोष्ट आमच्याकडं दर लग्नकार्यात निघते. दाजी स्वतःच रंगवून सांगतात आणि सगळे पोट धरून हसतात. शुभा तेवढी हसत नाही. उठते आणि बापाच्या शेजारी जाऊन बसते.